रविवारचं नेट कोण तोडतं?

मोहाडीतल्या माझ्या घरमालकांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी खोली बघायला गेलो त्याच दिवशी, आणि तोही मी चपला काढून ठेवल्या म्हणून. आधी येऊन गेलेले लोक ओट्याखाली चपलांसकट उभे राहून विचारपूस करून गेले होते. मी मात्र न सांगता चपला काढल्या. म्हणजे हा माणूस आत शिरायच्या तयारीनेच आलाय, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग मला ओट्यावर उभं ठेवून चौकशी सुरू झाली. लाखनीचं घर सोडून मोहाडीत नोकरी कशाला धरली, लाखनीत काही गडबड केली का, तुमच्याच आडनावाचे अमुक तुमचे कोण लागतात, नसतील लागत तर का लागत नाहीत. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतो असं सांगितल्यावर तर त्यांनी डोळे बारीक केले.

"म्हंजे कम्प्युटरातली चोरीबी येत असन तुमाले," ते म्हणाले.

"नाही येत, काकाजी."

"येते म्हनून कोन सांगते?"

तरीही वरची खोली त्यांनी मला दिली. मला वाटतं, रिकाम्या खोलीत कोण शिरेल याचा घोर त्यांना माझ्यावरच्या संशयापेक्षा जास्त होता.

आख्खी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. घराणं जुनं, विणकराचं. पुढच्या खोलीत माग होता आणि तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण रोज सकाळी काकाजी त्याच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसायचे. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या आणि दुपट्टे विणणारे त्यांचे हात आता रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचा सगळा जोर डोळ्यांत गेला होता. न्हाव्याकडे दाढीला बसले की स्वतःचा आरसा स्वतः हातात धरत, कारण न्हाव्याने समोर टांगलेला आरसा न्हाव्याच्या बाजूचा असतो. गिरणीत धान घेऊन गेले की तांदूळ पडतो तिथे भुसा अंगावर घेत उभे राहत. आठवडी बाजारात वांगी घेतली की एक वांगं तिथेच फोडून पाहत, आणि बाईने कुरकुर केली तर म्हणत, "पाहून राहिलो मी." हे त्यांचं पालुपद होतं; म्हणजे माझं लक्ष आहे. पाहून राहिलो मी. दूधवाल्याला, पोस्टमनला, मंदिरात प्रसाद वाटणाऱ्याला, सगळ्यांना तेवढंच. न चिडता, शांतपणे, कुणी नमस्कार म्हणावा तसं.

पण त्यांचं खरं हत्यार होतं धागा. कोशाचा एक सुटा धागा इतका बारीक असतो की उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही. असे धागे ते दाराच्या कडीला बांधत, पेटीच्या कुलपाला बांधत, विहिरीच्या रहाटाला बांधत. बाहेरून आले की आधी धागा पाहायचा. शाबूत असला तर ठीक. तुटला असला तर दिवसभर घरात खटला चालायचा. माझ्या खोलीच्या दारालाही तो बांधलेला असायचा, हे मला फार उशिरा समजलं. एकदा मी दुपारी कॉलेजातून विसरलेला चष्मा न्यायला आलो आणि लगेच परत गेलो, तर संध्याकाळी जिन्यात मला अडवून त्यांनी विचारलं, "दुपारी कोन आलतं तुमच्या खोलीत?" मी म्हटलं, मीच आलो होतो. "तुमीच आलते हे मले कसं समजावं?"

घरात नेट आलं ते त्यांच्या मुलीमुळे. मुलगी पुण्याला नोकरीला होती, तिकडेच लग्न करून राहिली होती, आणि तिला एक लहान मुलगी होती. काकाजींची बायको गेली तेव्हा ती आली, तेरवी झाल्यावर परत निघाली, आणि निघताना एक टॅब बापाच्या हातात ठेवून म्हणाली, "दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करीन. नात दिसेल तुम्हाला." त्याआधी ती कितीतरी वर्षं बापाशी धड बोलतही नव्हती. आता आईच्या मागे का होईना बोलते म्हणाली, हीच मोठी गोष्ट होती. पण त्या घराच्या भिंती जुन्या मातीच्या, हातभर जाड. मोबाइलची रेंज ओट्यापर्यंत यायची आणि उंबरठ्यावर दम तोडायची. म्हणून केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलं. खालच्या खोलीत राउटरचा डबा बसला, आणि त्याच डब्यावर वरून मीही चालायचो.

रविवारी काकाजी लवकर आंघोळ करत. इस्त्रीचा सदरा घालत. मागाच्या लाकडावर कोशाचा तुकडा पसरून त्यावर टॅब टेकवत आणि विणायला बसावं तसे समोर बसून राहत. फोन यायचा. नात दिसायची, मुलगी दिसायची. थोडं बोलणं व्हायचं आणि मध्येच चित्र थिजायचं. मुलीचा तोंडातला शब्द तोंडात राहायचा आणि मग काळा पडदा. काकाजी काही वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहायचे. मग उठून अंगणात यायचे आणि वर माझ्या खिडकीकडे बघून म्हणायचे, "कोनीतरी तोडून राहिला."

आठवडाभर त्या माणसाकडे आपणहून येणारा तेवढाच एक आवाज होता, आणि तो दर रविवारी अर्ध्यात तुटत होता. त्यांचा स्वभाव माहीत असूनही मला त्याचं वाईट वाटायचं. म्हणून मी त्या नेटच्या मागे लागलो. नाहीतर मला काय, माझं काम चाललं होतं.

पहिला संशयित अर्थात मीच होतो. वर बसून मी नेट ओढून घेतो आणि खाली काही उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पासवर्ड बदलायला शिकवलं, म्हणजे माझं नाव तरी सुटेल. ती मी माझ्याच पायावर मारलेली कुऱ्हाड होती. ते रोज सकाळी पासवर्ड बदलू लागले. कागदावर लिहिला तर कुणी वाचेल म्हणून लिहीत नसत. दुपारपर्यंत स्वतःच विसरत, आणि मग जिन्यातून हाक यायची, "सर, तुमी बदलवला ना?" मग मी टाचणी घेऊन खाली जायचो, डब्याच्या पाठीमागच्या भोकात खुपसायचो आणि सगळं पहिल्यापासून जुळवायचो. एकदा त्यांनी मला नेटचं नावही बदलायला लावलं. आजूबाजूच्यांच्या मोबाइलवर आपल्या नेटचं नाव दिसतं, एवढं त्यांना कुठून तरी कळलं होतं. मी विचारलं, काय नाव ठेवू? ते म्हणाले, "पाहून राहिलो." त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येकाने मोबाइल उघडला की त्याला यादीत वरच दिसायचं: पाहून राहिलो. मागच्या आळीतल्या एका बाईने घाबरून मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला होता म्हणतात.

दुसरी संशयित समोरच्या घरातली मावशी. तिच्या घरची माणसं तलावात जाळं टाकायची आणि ती मासळी घेऊन बाजारात बसायची. ती बाजारातून आली की आपलं नेट मंदावतं, असा शोध काकाजींनी लावला होता. एका सकाळी ते तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फोन दाखव तुया."

मावशीने कमरेला खोचलेला फोन काढून त्यांच्या हातात दिला. बटणांचा होता. अर्धी बटणं झिजलेली.

"हे घ्या," मावशी म्हणाली. "याच्यातून तुमचं नेट निंगालं तर मलेबी सांगा. मीबी पाहीन म्हंते पुण्याची पोरगी."

काकाजींनी फोन उलटा केला, कानाशी धरून हलवला, वास घेतला. "मासोईचा वास येते," ते म्हणाले आणि परत आले. मावशीवरचा संशय मात्र गेला नाही. तिच्याकडे दुसरा फोन लपवलेला असणार, असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

तिसरा संशयित केबलवाला. हा चांगला मिशीवाला बाप्या माणूस होता, फार सोशिक. त्याने शिडी लावली की काकाजी खाली शिडी धरायला उभे राहत. पडू नये म्हणून नव्हे, तर तो वर काय करतो ते दिसावं म्हणून. "खिशात काय हाय?" ते खालून विचारत. "पक्कड हाय, काकाजी." "दुसऱ्या खिशात?" "सुपारी-तंबाखूचा खर्रा हाय." "तो काहून आनला?" यावर केबलवाला वरूनच म्हणाला होता, "खायाले, काकाजी. नेटमध्ये टाकाले नाही." तो गेल्यावर काकाजी स्वतः शिडीवर चढले आणि खांबापासून घरापर्यंत जिथे जिथे वायर वळत होती तिथे तिथे एकेक कोशाचा धागा बांधून आले. आता कुणी हात लावला तर धागा तुटणार. दुसऱ्या दिवशी सगळे तुटलेले. सकाळी चिंचेवरून उतरलेले वानर त्याच वायरीला लोंबकळून गेलेले मी खिडकीतून बघितले होते. तसं मी सांगितलं. काकाजींनी चिंचेकडे बघितलं.

"वानर कोनाचे?" त्यांनी विचारलं.

तर अशा घरात मी नेटची दुरुस्ती करायला निघालो. खरं सांगायचं तर त्या नेटमध्ये दोष भरपूर होते. ओट्याच्या छपराखाली वायरचा एक सांधा नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता, ओल लागली की तो रुसायचा. तो नीट करून घेतला. दसऱ्याला काकाजींनी मागाची पूजा केली तेव्हा डब्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं, आणि अक्षतांतला एक तांदूळ वायर खुपसायच्या भोकात जाऊन बसला होता. तो मी चिमट्याने काढला. पण सगळ्यात मोठा दोष मला एका सकाळी सापडला, जेव्हा डबा जागेवर दिसेना.

"डबा कुठाय, काकाजी?"

"हाय सुरक्षित."

तांदळाच्या रिकाम्या कोठीत होता. पत्र्याची उंच कोठी, वर घट्ट झाकण, झाकणाला कडी, आणि कडीला अर्थातच धागा. वायर आत जाण्यापुरतं भोक त्यांनी खिळ्याने पाडलं होतं. रेंज भिंतीबाहेर सांडते आणि लोक ती भरून नेतात, म्हणून त्यांनी ती कोठीत कोंडली होती. मी त्यांना समजावलं की पत्र्याच्या आतून ती तुमच्यापर्यंतही येत नाही. त्यांनी ऐकलं, पण डबा बाहेर काढताना त्यांचा चेहरा असा होता की जणू पिकलेलं शेत मी गुरांसाठी मोकळं सोडतोय. डबा मागाच्या वर खुंटीवर बसवला, त्याचं बटण मागाच्या बाजूच्याच भिंतीत होतं. आणि नेट सुधारलं. सोमवार ते शनिवार काकाजी टॅबवर कीर्तन लावून बसत आणि अख्खं कीर्तन एकदाही अडकल्याशिवाय संपायचं.

रविवारी मात्र मुलीचा फोन पुन्हा तुटला. त्याच्या पुढच्या रविवारीही.

आता मलाच संशयाने धरलं. संगत वाईट असते असं म्हणतात ते खोटं नाही. रविवारीच का? केबलवाला रविवारी सकाळी काही करतो का? काकाजींना न सांगता मी एकदा खांबापर्यंत जाऊन आलो, आणि लाज वाटते सांगायला, पण वायरीला एक धागाही बांधून आलो. मग एका रविवारी मी वर क्रिकेटचा सामना लावून बसलो. खाली फोन आलेला जिन्यातून ऐकू येत होता. नात काहीतरी गात होती, काकाजी हसत होते. मग त्यांचा आवाज आला, "मागं कोन होता आत्ता? तो मानूस कोन?" त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आवाज तुटतोय तुमचा. हॅलो? हॅलो?" आणि शांतता.

माझा सामना चालूच होता. एकही चेंडू अडकला नाही. त्याच डब्यावर, त्याच वायरीवर.

मी जिना उतरून खाली आलो. डब्यावरचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. काकाजी काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. मी परत वर गेलो आणि अंथरुणावर आडवा पडलो. नेट कोण तोडतं ते मला समजलं होतं.

पुढच्या दोन-तीन रविवारी मी जिन्यात उभा राहून ऐकलं. हे बरं नव्हे हे मला कळत होतं, पण ऐकलं. दर वेळी तसंच. नातीचं झालं, जेवणाखाणाचं झालं, की काकाजींच्या तोंडून एक प्रश्न निसटायचा. जावई घरी का नाही, दार कोण वाजवतंय, हा पडदा नवीन कुणी दिला. आणि लगेच तिकडे आवाज तुटायचा.

मावशीला मी सहज म्हणून विचारलं, मुलीचं आणि काकाजींचं बिनसलं कशावरून. ती मासळीची टोपली धूत होती. "धाग्यापायी," ती म्हणाली. मुलगी भंडाऱ्याला कॉलेजात शिकायला होती, होस्टेलवर राहायची. एका सुट्टीत ती परत निघण्याआधी काकाजींनी तिच्या बॅगेच्या चेनला धागा बांधून ठेवला. सकाळी धागा तुटलेला. बॅगेत कोणाची चिठ्ठी आहे, कोणी काय दिलं, म्हणून त्यांनी बस थांब्यावर, चार लोकांत, ती बॅग उपडी केली. आत निघाला चिवडा. तिच्या आईने पहाटे गुपचूप भरलेला.

"धागा तुटला एवढं त्याईले दिसलं," मावशी म्हणाली. "कोनं तोडला ते काई धागा सांगत नाई. पोरगी त्या दिवशी गेली ते गेलीच, बाप्पा."

आता माझी खरी पंचाईत झाली. काकाजींना हे समजलं तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. ते तिला समोरासमोर विचारणार, तूच तोडतेस ना. पुन्हा तीच बॅग, पुन्हा तोच बस थांबा. आणि मग रविवारचा फोन कायमचा बंद. एवढा एकच फोन उरला होता त्या माणसाला. म्हणून मी खोटं बोलायला लागलो. पुण्याकडची लाइन खराब आहे. ढग आले की असं होतं. रविवारी सगळा देश फोन करतो, गर्दी होते. काकाजी सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "असन." दुसऱ्याचं म्हणणं नुसतं 'असन' म्हणून मान्य करताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

मग एका शनिवारी त्यांनी फर्मान काढलं. "उद्या तुमी माझ्याजवळ बसा, सर. फोन चालू असतानी. चोर हातात सापडला पाह्यजे."

मी काढता पाय घेऊन पाहिला. लाखनीला जायचंय म्हटलं. ते म्हणाले, "दुपारी जा." मी म्हटलं, बापलेकीच्या बोलण्यात मी कशाला. ते म्हणाले, "बोलनं मी करतो. तुमी वायर धरा."

रविवारी मी खाली गेलो तेव्हा ते तयार होऊन बसले होते. त्यांनी मला आपल्या शेजारी, किंचित मागे, स्टुलावर बसवलं. वायरचा एक जास्तीचा तुकडा माझ्या हातात दिला. "हे काय करू?" मी विचारलं. "धरा," ते म्हणाले. मग टॅबमध्ये बघून त्यांनी मला जरा डावीकडे सरकायला लावलं, पुन्हा उजवीकडे, फोटो काढणारा सरकवतो तसं. आज तो प्रश्न निघेल, आज ती तोडेल, आणि आज मी बाजूला बसलेला असताना डबा हिरवाच राहील. मग काय सांगायचं?

फोन आला. मी मुलीला पहिल्यांदाच बघत होतो. बापाचेच बारीक डोळे. तिने मला पाहिलं आणि ती थांबली.

"हे कोण, बाबा?"

"हे वरचे सर. कम्प्युटरचे. नेट पाहून राहिले," काकाजी म्हणाले. "दर रविवारी तुटते म्हनून आनलं त्याईले. कोनाचं काम हाय ते शोधून राहिले."

तिचा चेहरा एकदम सावध झाला. मी हातातली वायर उचलून दाखवली. दुसरं काय करणार होतो.

"केबलवाल्याचं काम असन," काकाजी म्हणाले. "नाईतर समोरच्या बाईचं. माझा पुरा संशय हाय."

"असेल, बाबा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाल्यासारखा मला वाटला.

नातीने एक चित्र दाखवलं. काकाजींनी ते हत्ती आहे का विचारलं, ते घर निघालं. भाजी कोणती केली, पाऊस किती झाला, सगळं झालं. मग मुलीच्या मागून एक माणूस हातात पिशवी घेऊन गेला. मी काकाजींकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. तिकडे मुलीने नजर खाली केली, आणि तिचा हात पडद्याकडे यायला लागलेला मला दिसला.

काकाजींनी तोंड मिटलं. त्यांचा डावा हात मागाच्या बाजूला भिंतीवर गेला आणि त्यांनी बटण खाली दाबलं.

डब्याचे दिवे विझले. चित्र थिजलं. मुलीचा हात अर्ध्या वाटेत राहिला.

"गेलं पाहा, सर," काकाजी मोठ्याने म्हणाले. मग पडदा काळा झाला तेव्हा त्यांनी हात मांडीवर घेतला.

"काकाजी," मी म्हटलं, "तुम्हीच बंद केलं."

"हो."

"का?"

त्यांनी मागाच्या लाकडावरून बोट फिरवलं. "उभा धागा तुटला ना सर, का विनकर डोये मिटून हात फिरवते. हाताले समजते, आपल्याकडून तुटला का तिकडून. पह्यल्याच महिन्यात समजलं होतं मले."

"मग ती कोठी? तो केबलवाला? शिडी? एवढे दिवस आपण..."

"ते चालूच राहिलं पाह्यजे," ते म्हणाले. "माझा संशय कोनावर ना कोनावर असतेच, हे तिले माहीत हाय. लहानपनापासून माहीत हाय. म्हनून तुमाले बसवलं समोर. तिले दिसलं पाह्यजे का बाप नेटवर संशय घेऊन राहिला. तिच्यावर नाई."

मला रडू येईल असं वाटलं, आणि ते त्यांना दिसलं तर त्यावरही ते काहीतरी म्हणतील अशी भीती वाटली.

"मी लय प्रयत्न करतो, सर," ते म्हणाले. "पन मागं कोनी दिसला का तोंडात येतेच. मंग तिले म्हना लागते, आवाज तुटला, नेट गेलं. बापासंग खोटं बोला लागते बिचारीले. आज पह्यल्यांदा जमलं. आज मीच बंद केलं. आता ती म्हनन नेट गेलं, तर ते खरं हाय."

एवढं बोलून ते उठले, सदरा झटकला आणि अंगणात जाऊन नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात केबलवाल्याच्या नावाने सुरू झाले. आज पुन्हा तोडलं, पाहून राहिलो मी, सोडत नाई. समोरून मावशीने सवयीने आवाज दिला की सकाळपासून ती बाजारातच होती.

तेवढ्यात ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलेला त्यांचा साधा फोन वाजला. रविवारी तो कधी वाजत नसे. कॉल तुटला की तुटला, तिकडून पुन्हा कधी आला नव्हता, कारण तोडणारी तिकडेच होती. काकाजींनी फोन डोळ्यांपासून लांब धरून नाव वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काहून लावून राहिली आता?" ते माझ्याकडे बघून पुटपुटले. "काईतरी हाय."

"घ्या, काकाजी," मी म्हटलं. "घ्या आधी."

त्यांनी फोन कानाला लावला, रेंज जाऊ नये म्हणून उंबरठ्याच्या बाहेरच उभे राहिले, आणि माझ्याकडे पाठ केली. मला त्यांचं एवढंच ऐकू आलं.

"हो बाई. गेलतं इकडूनच. नाई नाई, सर इथंच हायेत, पाहून राहिले ते... बोल ना. बोल तू."

फोनवरून मी तिला दिसणार नव्हतो. तरी ते बोलत होते तोवर मी हातातली वायर खाली ठेवली नाही.